साव, सावकार आणि शार्क

त्याचं असं झालं, की आमच्या चिरंजीवांना शाळेतून गृहपाठ मिळाला : खालील इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द लिहा. एकंदर दहा शब्द होते. त्यातले नऊ त्यानं आईला विचारले. दहावा आला तेव्हा ती कणीक मळत होती. दोन्ही हात पिठात असल्यामुळे तिनं नुसती मान माझ्या दिशेनं उडवली. दहावा शब्द होता 'लोन शार्क'.

"बाबा, तुम्ही बँकेत लोनच्या टेबलावर बसता ना? मग तुम्हीच सांगा."

मी बी. कॉम. आहे, तोही दुसऱ्या वर्गातला. शिवाय बावीस वर्षं बँकेत कारकुनी केली आहे. मी पेपरची घडी केली, चष्मा पुसला, तो परत लावला, आणि "कर्ज..." एवढं म्हणून थांबलो. तेवढ्या वेळात चिरंजीवांनी 'कर्जमासा' असं लिहून वही मिटलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. बाईंनी 'कर्जमासा'वर लाल रेघ मारून शेजारी 'सावकार' असं लिहिलं होतं. इथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण आमचा मुलगा कोश बघणाऱ्यांपैकी निघाला. (हा गुण त्याच्या आईकडचा.) तो म्हणाला, "बाबा, साव म्हणजे प्रामाणिक माणूस. मग सावकार म्हणजे प्रामाणिकपणा करणारा. आणि शार्क म्हणजे माणसं खाणारा मासा. दोन्ही एकच कसे? आणि कर्ज तर तुम्हीही देता. मग तुम्ही यातले कोण?"

स्वयंपाकघरात पोळी लाटण्याचा आवाज थांबला. उत्तर तिथंही हवं होतं.

अशा वेळी बँकेचा माणूस जे करतो तेच मी केलं. "बघू," म्हणालो आणि त्या शब्दाची फाइल उघडली. लोक कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितात, नाटकांची लिहितात, शेजारच्यांच्या लग्नातल्या जेवणाचीसुद्धा तोंडी करतात. मग एका शब्दाचं परीक्षण करायला काय हरकत आहे? शब्दसुद्धा कुणीतरी रचलेलाच असतो, फक्त वर लेखकाचं नाव छापायचं राहून गेलेलं असतं.

आधी मासा. मी मूळचा घाटावरचा, त्यामुळे मासे मला लग्नात मिळाले. सासुरवाडी मालवणची. पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, "जावयांसाठी मोरी केलीय." आमच्याकडे मोरी म्हणजे न्हाणीघरातली. प्रवासातून आलेल्या माणसाची केवढी ही काळजी, असं मनात म्हणत मी टॉवेल खांद्यावर टाकून उठलो. नंतर ताट आलं. त्यात खोबऱ्याच्या वाटपात मटणासारखे शिजवलेले तुकडे होते. मी दोनदा मागून घेतलं आणि हात धुताना कळलं, की मुंबईच्या बाजारात जिला मुशी म्हणतात, मालवणात जी मोरी, तीच इंग्रजीतली शार्क. थोडक्यात, ज्या प्राण्यानं मला खायचा तो मी भाकरीशी खाल्ला होता.

मोरी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती खरी की खोटी ते डॉक्टर जाणोत. पण या समजुतीवरून इंग्रजीत एका जातीच्या मुशीचं नावच 'मिल्क शार्क' पडलं आहे. त्याहून पुढची गोष्ट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची. तिथं जगातला सर्वांत मोठा मासा येतो, व्हेल शार्क. हा राक्षस समुद्रातले बारीक जीव गाळून खाऊन जगतो. त्याला पकडताना पिंपं बांधत, म्हणून कोळी त्याला 'बॅरल' म्हणत. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण मिळालं. पण कायद्यानं जाळी थोडीच थांबतात? मग मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, की अरे, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. झालं! 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. जाळ्यात सापडलीच तर कोळी आपलं जाळं कापून तिला सोडू लागले. नुसता शब्द बदलला की असं होतं. उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर तो पुढे येतोच आहे.

एकंदरीत आपल्या किनाऱ्यावर शार्क ही एकतर बाळंतिणीचं जेवण आहे किंवा स्वतःच बाळंतीण आहे. मग ती सावकार कुठं झाली? त्यासाठी इंग्रजांकडे जावं लागतं.

१५६९ साली लंडनमध्ये एक अजस्र मासा लोकांना दाखवायला ठेवला होता. त्याची माहिती देणारं एक पत्रक छापलं गेलं. त्यात पत्रककर्त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं, की याला योग्य असं नाव मला ठाऊक नाही, पण कॅप्टन हॉकिन्सचे खलाशी याला 'शार्क' म्हणतात. हा शब्द त्याआधीच्या शतकातही एका पत्रात सापडला आहे, पण लोकांच्या तोंडी बसला तो या पत्रकाच्या सुमाराला. आता हे हॉकिन्स कोण? आफ्रिकेतून माणसं पकडून अटलांटिकपलीकडे विकण्याचा व्यापार करणारे पहिल्या इंग्रजांपैकी एक. जहाजाच्या पोटात साखळदंडानं बांधलेली माणसं, आणि वर डेकवर उभे राहून खलाशी पाण्यातल्या माशाकडे बोट दाखवून सांगताहेत, की बघा, केवढा क्रूर प्राणी! माशाला बोलता येत नाही म्हणून बरं.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल पंडितांत एकमत नाही. कुणी म्हणतात, तो जर्मन भाषेतल्या बदमाश या अर्थाच्या शब्दावरून आला. हे खरं असेल तर मोठीच गंमत आहे. मग माणसाला माशाचं नाव दिलेलं नाही; माशालाच माणसाचं नाव चिकटवलं आहे, आणि तेही चांगल्या माणसाचं नव्हे. अब्रुनुकसानीचा दावा लावायचा झाला तर वादी कोण आणि प्रतिवादी कोण, इथपासून सुरुवात.

पण कारकून म्हणून मी खरा खूश झालो तो यापुढच्या नोंदीनं. १५९९ साली बेन जॉन्सन नावाच्या नाटककाराचं एक विनोदी नाटक आलं. त्यातल्या एका पात्राची ओळख 'झिजलेल्या कपड्यांतला शार्क' अशी करून दिली आहे. हा इसम सैन्यात कधीच नव्हता, पण असल्याच्या बाता मारतो आणि उसनवारीवर जगतो. वाचकहो, कृपा करून हे वाक्य पुन्हा वाचा. उसनवारीवर जगतो! म्हणजे शार्क हा मुळात कर्ज देणारा नव्हेच, घेणारा! बावीस वर्षं मी ज्यांची थकबाकी लाल शाईनं लिहितो आहे, त्यांचा हा मूळपुरुष. मी ही नोंद आमच्या वसुली अधिकाऱ्यांना दाखवली. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा सांगितला. आमच्या शाखेच्या इतिहासात अशी नोंद दुसरी नाही.

पुढं तीनशे वर्षांनी, विसाव्या शतकाच्या तोंडाशी, अमेरिकेत 'लोन शार्क' हा जोडशब्द रूढ झाला. तिथल्या बँका लहान पगारदाराला दारात उभं करत नसत. (इथं मी थोडा खाकरलो.) मग रेल्वेतले नोकर, कचेऱ्यांतले कारकून पुढच्या पगारावर खाजगी माणसाकडून जबर व्याजानं पैसे उचलत. पैसे देणाऱ्याला शार्क म्हणू लागले. म्हणजे तीनशे वर्षांत शार्क काउंटरच्या अलीकडून पलीकडे गेला. आमच्याकडे तेवढ्या प्रवासाला खातेअंतर्गत परीक्षा द्यावी लागते.

मधल्या काळात या शब्दानं इतरही बऱ्याच नोकऱ्या केल्या. पत्ते पिसणारा लबाड हा शार्क, बिलियर्डच्या टेबलाभोवती घुटमळणारा शार्क, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांत तर अभ्यासात पक्का असलेला मुलगाही शार्क. वकिलांना शार्क म्हणायची रीत जगभर आहे, आणि तिचा उत्तम नमुना 'जॉज' या चित्रपटात सापडतो. १९७५ चा हा चित्रपट. त्यात समुद्रात सोडायला एक यांत्रिक शार्क बनवला होता. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांच्या वकिलांचं नाव ब्रूस, म्हणून या सापळ्याचंही नाव ब्रूस ठेवलं. हा ब्रूस खाऱ्या पाण्यात उतरला की बिघडे. त्यामुळे पडद्यावर तो फारच थोडा वेळ दिसतो, आणि दिसत नाही म्हणूनच लोक जास्त घाबरले. ज्यांच्या कादंबरीवर हा चित्रपट निघाला ते पीटर बेंचली पुढं उरलेलं आयुष्य शार्कच्या बचावासाठी लिहीत-बोलत राहिले. मघाशी म्हटलेला उलट बाजूचा पुरावा तो हा. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला मरणारी माणसं साधारणपणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माणसांच्या हातून मरणारे शार्क मात्र वर्षाला सुमारे दहा कोटी, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. मी जमाखर्चाचा माणूस. हा ताळेबंद कुठल्याही बाजूनं जुळत नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत माशाची गत निराळी. "मासा गळाला लागला" म्हणजे गिऱ्हाईक फसलं. "बडे मासे मोकाट" असं पेपरात येतं, तिथंही तक्रार एवढीच, की ते अजून पकडले गेले नाहीत. मात्स्यन्याय हा शब्द आपल्याकडे कौटिल्यापासून आहे, पण त्यातही मासा माशालाच खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. मराठी मासा हा मुळात सापडणारा आहे, चावणारा नव्हे. म्हणून 'कर्जमासा' ऐकताना मराठी कानाला वाटतं, की हा बिचारा कर्जात अडकलेला कुणीतरी असावा. चिरंजीवांचा शब्द बाईंनी खोडला ते योग्यच केलं.

चावणारा कुणी हवा असेल तर आपण जळू म्हणतो, गिधाड म्हणतो, लांडगा म्हणतो. पण व्याजानं पैसे देणाऱ्याला मात्र मराठीनं कुठलंही जनावर दिलं नाही. त्याला दिला तो साव हा शब्द, संस्कृतातल्या साधूपासून आलेला. चोर नव्हे तो साव. इंग्रजानं त्याच्या तोंडात दात बसवले आणि आपण त्याच्या कपाळी गंध लावलं. वरवर पाहता इंग्रजी शब्द जास्त खरा वाटतो. मलाही आठ दिवस तसंच वाटत होतं.

पण दात दिसले की माणूस पाण्यातून बाहेर पळतो. सावकाराच्या ओसरीवर मात्र माणूस आपल्या पायानं चढतो, कारण तिथं बसायला पाट मिळतो. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये या विषयावर मूकपट काढला, ज्यात शांतारामबापूंनी तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं. त्याचं नाव 'सावकारी पाश'. दात नाहीत, नख्या नाहीत, पाश. आणि पाश म्हणजे काय, तर दोरीच. कुणी सैल धरून ठेवली की गळ्यातली माळ वाटावी.

हे आपल्या शेतकऱ्यांना फार आधी कळलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. ('जॉज'च्या आधी बरोबर शंभर वर्षं. हा योगायोग माझ्या हिशेबाच्या वहीत सापडला, इतिहासाच्या नव्हे.) दंगा पुणे-नगरकडच्या बऱ्याच गावांत पसरला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांनी माणसांना फारसं मारलं नाही. त्यांनी खतं, रोखे, वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. दात कुठं असतात ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, १९४६ चा सावकारी कायदा आला, २०१४ चा आला. दामदुपटीचा जुना नियम तर सर्वांहून आधीचा : व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. एवढे कायदे ज्याच्यासाठी करावे लागले त्याचं नाव आजही साव.

आणि इकडे शार्कचं काय झालं? २००१ मध्ये जपानी टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला. नवा धंदा काढणाऱ्यानं धनिकांपुढं उभं राहायचं आणि पैसे मागायचे. तिथं त्या धनिकांना वाघ म्हणत. कार्यक्रम विलायतेत गेला तेव्हा वाघांचे ड्रॅगन झाले. २००९ मध्ये अमेरिकेत गेला आणि ड्रॅगनचे शार्क. २०२१ च्या डिसेंबरात तो आपल्याकडे हिंदीत आला तो 'शार्क टँक इंडिया' याच नावानं. आमच्याकडे तो सहकुटुंब पाहिला जातो. हात जोडून उभी असलेली तरुण मुलं अदबीनं "नमस्ते शार्क्स" म्हणतात आणि खुर्चीतली मंडळी प्रसन्न हसतात. चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या रंगभूमीवर ही शिवी होती. अर्थात हे लोक कर्ज देत नाहीत, बहुतेक वेळा धंद्यात हिस्सा मागतात. तेव्हा त्यांना लोन शार्क म्हणणं चुकीचं होईल. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. माझी तक्रार आहे ती आमच्या चिरंजीवांबद्दल, ज्यांनी परवा 'मोठेपणी कोण होणार' या निबंधात 'शार्क' असं लिहिलं. बाईंनी यावर लाल रेघ मारली नाही.

म्हणजे आपल्या साधूची शिवी झाली आणि त्यांच्या शिवीची पदवी. दोन शब्द समोरासमोरच्या फलाटांवरून निघाले आणि वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. मी फाइल बंद करणार होतो. परीक्षण पुरं झालं होतं, शेवटी तीन तारे द्यायचे तेवढे राहिले होते. पण मुलाच्या प्रश्नाचा शेवटचा भाग शिल्लक होता : मग तुम्ही यातले कोण?

आमच्या शाखेत एक शिपाईमामा आहेत. कंत्राटी. म्हणजे काम बँकेचं, पगार एजन्सीचा. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला वीस हजार कमी पडत होते. मामा माझ्याच टेबलापाशी आले. मी त्यांना नियमाप्रमाणे सांगितलं, की पगाराची पावती आणा, दोन जामीनदार आणा. एजन्सी पावती देत नाही. जामीनदाराचं विचारताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मी "बघू" म्हणालो. हा शब्द आमच्याकडे रबरी शिक्क्यावर कोरून घ्यायला हरकत नाही. मामा "बरं साहेब" म्हणाले आणि माझा रिकामा कप उचलून घेऊन गेले.

फाइल उघडल्यावर मला त्यांची आठवण झाली. चहा घेऊन आले तेव्हा विचारलं, "मामा, फीचं काय झालं हो?"

"झालं की! आमच्या आळीत एक आहेत. कागद नाही, पत्र नाही. घरात बसवलं, चहा दिला, रक्कम मोजून हातात ठेवली."

"व्याज?"

"शेकडा दहा."

"वर्षाला?"

मामा हसले. "म्हैन्याला, साहेब."

मी व्हाउचरच्या पाठीवर मांडून पाहिलं. वीस हजारांवर महिना दोन हजार. दहा महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं. दामदुपट आलीच. मामांना पैसे घेऊन अकरा महिने झाले होते.

"त्रास नाही ना देत?"

"छे हो! लई भला माणूस. कधी आवाज चढवत नाही. दर एक तारखेला स्वतः घरी येतो. पोरीच्या अभ्यासाची चौकशी करतो, व्याज घेतो आणि जातो."

"आणि मुद्दल किती फिटलं?"

"मुद्दल?" मामा आश्चर्यानं म्हणाले. "मुद्दलाचं तर त्यानं आजवर नावसुद्धा काढलेलं नाही!"

चहा गार झाला. त्या दिवशी लेजर जुळायला साडेसात वाजले. फरक दोन हजारांचा होता आणि तो माझाच होता.

शनिवारी मी मामांना घेऊन आमच्या घराजवळच्या पतपेढीत गेलो. तिथं मी पंधरा वर्षं सभासद आहे. व्याज बाराच्या आसपास, वर्षाला. फॉर्म घेतला. अर्जदाराचं नाव मामांनी लिहिलं, पत्ता मामांनी लिहिला. खाली जामीनदार क्रमांक एकच्या जागी मी सही केली. घरून निघताना ही म्हणाली होती, "अहो, नीट वाचून सही करा हं." पण आवाज पोळ्या लाटतानाचा होता, म्हणजे हरकत नव्हती. तिनं आपलं पॅन कार्डही माझ्या खिशात कोंबलं होतं, दुसऱ्या जामीनदारासाठी.

सहीखाली एक रकाना होता, 'जामीनदाराचे अर्जदाराशी नाते'. मी थोडा वेळ पेन धरून बसलो आणि 'भाचा' असं लिहिलं.

काउंटरमागच्या कारकुनानं चष्मा वर केला. आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सख्खे का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "बघू."